रियाजाचे ट्रॅक डाउनलोड म्हणून विकायचे आहेत – पट्ट्या, फाइल, किंमत

गायनवर्ग_सांगली
नमस्कार. वर्गात प्रारंभिक ते मध्यमा पूर्ण या संगीत परीक्षांपर्यंतचे विद्यार्थी आहेत. त्यांच्यासाठी तानपुरा, तीनतालाचा ठेका आणि अलंकार असा रियाजाचा संच १९९ रुपयांना विकायचा आहे. काळी एकचा (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) तानपुरा रेकॉर्ड झाला आहे. बाकीच्या पट्ट्या सॉफ्टवेअरने केल्या तर चालतील का? फाइल कोणती द्यावी? सोबत चार बंदिशी आणि एक नाट्यपद घालावं असंही मनात आहे.

जवारी
पट्टी सॉफ्टवेअरने बदलू नका. काळी एकवरून काळी चारला जायचं तर सात पट्ट्या चढवाव्या लागतात आणि जवारीचा, म्हणजे तारांच्या गुंजणाऱ्या झंकाराचा, सगळा गोलावा जातो, आवाज पत्र्यासारखा येतो. एखादी पट्टी इकडेतिकडे खपून जाते, त्यापुढे नाही. काळी एक, काळी दोन, काळी चार, काळी पाच ताज्या रेकॉर्ड करा. काळी चार-पाचला जनानी (बायकांच्या पट्टीचा, लहान) तानपुरा घ्या. प्रत्येक पट्टीत पहिली तार पंचमाला लावलेला आणि मध्यमाला लावलेला असे दोन, म्हणजे आठ ट्रॅक. मालकंसात पंचमच नाही, त्याचा रियाज पंचमाच्या तानपुऱ्यावर कोण करणार?

पंखा बंद करा आणि तारा लावून झाल्या की दहा मिनिटं थांबा, नव्या तारा हमखास उतरतात. माइक घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती) एक-दीड फुटावर. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. नॉइज रिडक्शनचं बटण तानपुऱ्याला लावूच नका. अखंड चालणाऱ्या आवाजाला ते खरखर समजतं आणि जवारीच खातं.

पाच मिनिटं स्वच्छ मिळाली की जोडून अर्ध्या तासाचा ट्रॅक करा. सांधा द्यायचा तो खर्जाच्या (शेवटच्या, खालच्या षड्जाच्या) तारेनंतर पहिली तार पुन्हा छेडली जाते नेमक्या त्या क्षणी, २०-३० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढवून. नव्या आघाताखाली तो लपतो. छोटा एमपी३ देऊन ‘रिपीटवर लावा’ म्हणू नका. एमपी३ करताना सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता चिकटते, आणि दर वेळी तिथे सूर तुटतो. १९२ केबीपीएसला अर्धा तास म्हणजे साधारण ४३ एमबी, फोनला जड नाही.

ठेका_मात्रा
तबलाही त्याच पट्टीत लावलेला हवा, नाहीतर चाटेचा (तबल्याच्या काठाचा) सूर षड्जाशी भांडतो. लय आकड्यात द्या, ‘मध्य’ म्हणून कुणाला काही कळत नाही. तीनतालाचं १६ मात्रांचं आवर्तन मिनिटाला ६० मात्रांना १६ सेकंदांचं, ८० ला १२, १२० ला ८. प्रारंभिकच्या मुलांना ६० आणि ८० पुरे. फाइलचं नाव रोमन लिपीतच ठेवा, कारण काही कम्प्युटरवर झिप उघडली की देवनागरी नावांची अक्षरं विस्कटतात. मराठी शीर्षक टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतल्या माहितीत, भरा.

आणि तानपुरा अ‍ॅपचा आवाज रेकॉर्ड करून विकायचा मोह टाळा. अ‍ॅप विकत घेतलं म्हणजे त्यातला आवाज विकायची परवानगी मिळाली असं होत नाही.

हक्क_आधी
बंदिशींबद्दल: आपल्या कायद्यात हक्क (कॉपीराइट) रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे १९३६ मध्ये गेले, त्यांच्या स्वतःच्या रचना मोकळ्या आहेत. नाट्यपदात शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजायचे. नाट्यपदांना चाली देणारे मास्तर कृष्णराव १९७४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०३४ अखेरपर्यंत हक्काखाली. पहिल्या संचात नाट्यपद नको. शिवाय साथीला कुणी तबलजी असतील तर मानधन देतानाच रेकॉर्डिंग विकण्याची लेखी संमती घ्या.

गायनवर्ग_सांगली
आभार. नाट्यपद काढलं. पैसे घेणं आणि फाइल पोचवणं कसं करावं?

हिशेब_चोख
पेमेंट गेटवे साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतो. १९९ मागे ४ रुपये ७० पैसे. परदेशातल्या मुलांसाठी गमरोड (डिजिटल फाइल विकायची साइट) सोपं आहे, पण १० टक्के अधिक ५० सेंट जातात, शिवाय कार्डाचं शुल्क वेगळं. तीन डॉलरच्या संचात निदान ८० सेंट कापले जातील, म्हणून तिथे चारही पट्ट्या एकत्र करून किंमत वाढवा. देशात मात्र पट्टीवार विका, काळी पाचवाल्या मुलीला काळी एकचे पैसे का पडावेत? सेवांची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर देशातल्या विक्रीला जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यात वर्गाची फीही धरायची.

ड्राइव्हची उघडी लिंक देऊ नका, ती दोन दिवसांत पालकांच्या ग्रुपवर फिरते. ठरावीक वेळाच उघडणारी लिंक ईमेलने जाऊ दे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावंच लागलं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. झिपबरोबर सुट्या फाइलही ठेवा आणि ईमेलमध्ये एवढं लिहा: आयफोनवर ट्रॅक ‘फाइल्स’मध्ये जातो, म्युझिक अ‍ॅपमध्ये दिसत नाही, अँड्रॉइडवर ‘डाउनलोड्स’मध्ये बघा.