मदत हवी आहे: मंत्रिमंडळाच्या प्रश्नावर उद्या ११ पर्यंत हरकत द्यायची आहे

संगम_माहुली: सराव परीक्षेच्या उत्तरतालिकेत माझा १ मार्क गेलाय आणि त्या एका मार्कावर फी सवलत अडलीये. मी दोन्ही विधानं बरोबर लिहिलं, त्यांनी एकच धरलंय. १५ टक्के तर सगळ्यांना पाठ आहे! कलम कुठलं लिहू तेवढं सांगा. प्लीज लवकर.

मिरजवाला: कुठली विधानं? केंद्राचं की राज्याचं? आधी प्रश्न टाका.

कोरेगावकर: १६४(१क) लिहा. २८८ चे १५ टक्के, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३. मी मागच्या वर्षी असाच मार्क परत मिळवलाय.

संगम_माहुली: केंद्राचं आहे हो दादा. अ: मूळ घटनेत मंत्रिमंडळ हा शब्द नव्हता. ब: मंत्रिमंडळाची संख्या लोकसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी.

मिरजवाला: मग तालिका बरोबर आहे. ७५(१क), २००३ ची ९१ वी घटनादुरुस्ती. मर्यादा मंत्रिपरिषदेला आहे, राज्यमंत्र्यांसकट सगळे धरून. ५४३ चे ८१. मंत्रिमंडळ म्हणजे फक्त कॅबिनेट मंत्री.

कोरेगावकर: पेपरात रोज ‘मंत्रिमंडळ विस्तार’ येतं, त्यात राज्यमंत्रीच जास्त शपथ घेतात. सगळे पेपर चुकीचे का? ताई, हरकत द्याच.

निवृत्त_मास्तर: पेपरची भाषा वेगळी, घटनेची वेगळी. कराडचे पृथ्वीराज चव्हाण पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते, तेव्हा ते मंत्रिपरिषदेत होते, कॅबिनेटमध्ये नव्हते. विधान अ मात्र नीट समजून घे बाळ. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला कळलं २६ च्या सकाळी. देश चालवणाऱ्यांनाच मागाहून सांगितलं! असं पुन्हा होऊ नये म्हणून १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम ३५२ मध्ये अट घातली: केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा काढायची नाही. कॅबिनेट हा शब्द घटनेत आला तो तिथे. ७४, ७५ मध्ये मंत्रिपरिषदच आहे. आणीबाणी लागली तेव्हा आपले कराडचे यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते.

हळदीचा_पेठकरी: कराडचे नाही सर, देवराष्ट्र्याचे. देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात आहे.

कोरेगावकर: जन्म १९१३ चा. तेव्हा देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यातच होतं.

हळदीचा_पेठकरी: आत्ता कुठे आहे ते बघा ना.

संगम_माहुली: अहो, माझी हरकत राहिली बाजूला!

मिरजवाला: प्रश्नाखाली इंग्रजी मजकूर आहे का? असला तर जसाच्या तसा टाका.

संगम_माहुली: आहे. मी बघितलाच नव्हता, मराठी माध्यम माझं. अ मध्ये कॅबिनेट आहे. ब मध्ये... कौन्सिल ऑफ मिनिस्टर्स!

मिरजवाला: हे आधी सांगायचं ना ताई! मघाशी तालिका बरोबर म्हणालो, ते मागे घेतो. कौन्सिल ऑफ मिनिस्टर्स म्हणजे मंत्रिपरिषद, म्हणजे ब बरोबर. भाषांतर करताना दोन्हीकडे मंत्रिमंडळ लिहून बसलेत. फक्त कलम लिहू नका, दोन्ही मजकूर शेजारी शेजारी लिहा आणि खाली ७५(१क) लिहा.

निवृत्त_मास्तर: आणि प्रश्नपत्रिकेच्या त्या पानाची झेरॉक्स जोड. पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नकोस.

संगम_माहुली: हो सर. पोवई नाक्यावर झेरॉक्स सकाळी किती वाजता उघडतं, कुणाला माहीत आहे का?