ढोल-पथकातल्या मैत्रिणीला मनातलं कसं सांगू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. घरात कुणाशी बोलता येत नाही, म्हणून तुमच्याकडे आलोय.

वय ३४, पुण्यात राहतो, चाकणच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो. लहानपणापासून अबोल. फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो. घरच्यांनी चार वर्षांत चौदा ठिकाणी कांदेपोह्यांचे कार्यक्रम केले. 'तुम्ही दोघं जरा बोलून घ्या' म्हणून गॅलरीत पाठवलं की दहा मिनिटांत माझ्या तोंडून तीन वाक्यं निघायची. नकार आले. त्या मुलींचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर भाचीनं मला न विचारता तिच्या ढोल-ताशा पथकात माझं नाव दिलं. ती तिथे ध्वज नाचवते. पहिल्या दिवशी मी नदीकाठच्या मांडवाबाहेर पाऊण तास गाडीवरच बसून होतो. आत दीडशे माणसं. शेवटी तीच बाहेर आली आणि माझ्या हातात टिपरू देऊन निघून गेली. या एका गोष्टीसाठी मी तिचा जन्मभर ऋणी राहीन.

तिथे कळलं की ढोल वाजवताना बोलावं लागत नाही. ताशाकडे कान ठेवायचा, हात (म्हणजे वाजवायचा ताल) बदलला की आपणही बदलायचा. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थापी. पहिल्या आठवड्यात बोटं सोलवटली, सगळ्यांसारखी चिकटपट्टी लावली. दुसरा हात जमला त्या रात्री घरी आलो तर आईनं विचारलं, 'आज काय झालं रे, जेवताना बोलतोयस?'

आता मूळ मुद्दा. ती माझ्याच रांगेत ढोल वाजवते. पावसानं ढोल सैल पडतो आणि तो ताणायला दोघं लागतात. एकानं पाय रोवून दोर ओढायचा, दुसऱ्यानं तो घट्ट धरून ठेवायचा. गेले दीड महिने रोज आम्ही दोघं ते करतो. 'सोडू का?' 'थांब जरा.' 'आता सोड.' सुरुवातीला एवढंच. मग तिची शाळा (ती गणित शिकवते), माझे ताळेबंद, तिच्या वडिलांचं गुडघ्याचं दुखणं. तिच्याशी बोलताना घसा कोरडा पडत नाही. असं आयुष्यात कधी झालेलं नाही.

गणेश चतुर्थीला आठ दिवस राहिलेत. विसर्जन मिरवणूक झाली की पथक थेट पुढच्या पावसाळ्यात. सांगायचं तर आत्ताच. पण तिच्या मनात तसं नसेल तर? तिचं पथकातलं हे सहावं वर्ष आहे. माझ्यामुळे तिला तिथे अवघडल्यासारखं झालेलं मला चालणार नाही.

आणखी एक. पथकात सगळे एकमेकांना दादा-ताई म्हणतात. ती मात्र मला आडनावानं हाक मारते. याचा काही अर्थ असतो का?

अनुभवी लोकांनी, विशेषतः पथकात वाजवणाऱ्या मुलींनी, कृपया सांगा.

प्रतिसाद १
मी आठ वर्षं ताशा वाजवते, म्हणून स्पष्ट लिहिते. सरावाच्या जागी सगळ्यांसमोर विचारू नका. विसर्जनाच्या दिवशी तर अजिबात नको, लक्ष्मी रोडवर त्या गर्दीत कमरेला ढोल बांधून तासन्‌तास उभं राहिल्यावर कुणालाच काही सुचत नसतं. पथकाच्या ग्रुपवरून नंबर काढून रात्री मेसेज करणं हेही नको, फार वाईट वाटतं ते. सराव दहाला संपतो, तेव्हाही नको, घरी जायची घाई असते. रविवारी सकाळी चहाला याल का, एवढंच विचारा. 'नाही' म्हणणं तिला सोपं जाईल असं विचारा. आडनावाचा अर्थ काढत बसू नका.

प्रतिसाद २
+१. मीही तुमच्यासारखाच. बायकोला विचारायच्या आधी एकच वाक्य पाठ केलं होतं आणि तेही अर्ध्यात अडकलं. ती थांबली, मी पूर्ण केलं. लग्नाला अकरा वर्षं झाली. दादा, वाक्य छोटं ठेवा.

प्रतिसाद ३
नकार आला तरी दुसऱ्या दिवशी सरावाला जा आणि नेहमीसारखा दोर धरा. तुम्ही यायचे थांबलात तर तिलाच अपराधी वाटेल.

धागाकर्ता (चार दिवसांनी)
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ दोनदा-तीनदा वाचला.

शनिवारी ढोल ताणून झाल्यावर म्हणालो, 'उद्या सकाळी चहाला येशील? नको असेल तर नको म्हण, सोमवारी दोर मीच धरणार आहे.' एवढं मोठं वाक्य मी न थांबता बोललो. ती 'आठ वाजता चालेल' म्हणाली आणि टिपरू उचलून रांगेत गेली.

आज टिळक रस्त्यावर एका छोट्या हॉटेलात बसलो. तिसरा चहा झाल्यावर सांगितलं, की तू मला आवडतेस, आणि उत्तराची घाई नाही. ती बराच वेळ बशीतल्या सांडलेल्या चहाकडे बघत होती. मग म्हणाली, तिलाही मी आवडतो, पण घरी बोलायच्या आधी तिला थोडा वेळ हवाय. मी म्हटलं, हवा तेवढा घे.

आडनावाचंही विचारलं. दादा म्हणायचं नव्हतं आणि नाव घ्यायला लाज वाटत होती, म्हणून आडनाव. निघताना विचारत होती, 'घरी काय म्हणतात तुला?'