मदत हवी आहे: मानवी भूगोलाच्या लघुप्रबंधासाठी 'सैद्धांतिक चौकट' कशी निवडायची?

कर्कवृत्त

नमस्कार मंडळी. एम.ए. भूगोल, शेवटचं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय असा: शहरातल्या जुन्या कामगार वस्तीत महागडी घरं येऊ लागतात आणि आधीचे रहिवासी पांगतात, हे का होतं? आराखडा परत आला. शेरा एकच, 'सैद्धांतिक चौकट कुठे आहे?'

मी त्यात विचारप्रवाहांचा सगळा आढावा दिला होता. रॅट्झेलचा निश्चयवाद (निसर्ग माणसाचं जगणं ठरवतो), विदाल द ला ब्लाशचा संभववाद (निसर्ग फक्त शक्यता देतो), १९५० नंतरची आकडेमोडीवर भर देणारी संख्यात्मक क्रांती, मग वर्तनवादी, मानवतावादी, मार्क्सवादी, स्त्रीवादी, उत्तर-आधुनिक. मग चौकट म्हणजे आणखी काय हवं?

शंका तीन आहेत. नव्यात नवा सिद्धांत घ्यायचा असतो का? दोन प्रवाह एकत्र चालतात का? आणि मी जनगणनेचे आकडे नि जीआयएस (संगणकावरचं नकाशा-विश्लेषण) वापरणार आहे, म्हणजे मी आपोआप 'संख्यात्मक'वाला ठरतो का?

अक्षांश

आढाव्यातून कोण कोणानंतर आलं एवढंच कळतं. तुम्ही नेमकं काय विचारणार आणि कशाला पुरावा मानणार, हे मार्गदर्शकांना हवंय. निश्चयवाद-संभववाद सरळ काढून टाका, या विषयात त्यांना काही काम नाही.

समोच्चरेषा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण तुमचं नशीब चांगलं आहे, याच विषयावर भूगोलात कडाक्याचं भांडण होऊन गेलंय. तेच नीट वाचलंत तर चौकट हाताला लागेल.

तुम्ही सांगितलेल्या या बदलाला 'जेंट्रिफिकेशन' म्हणतात. हा शब्द रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना वापरात आणला. भांडण लागलं ते 'हे का होतं' यावर. १९७९ मध्ये भूगोलतज्ज्ञ नील स्मिथने फिलाडेल्फियातल्या सोसायटी हिल या जुन्या वस्तीचं उदाहरण घेऊन म्हटलं की शहराकडे परत येतं ते भांडवल, माणसं नव्हेत. त्याची 'रेंट गॅप'ची मांडणी थोडक्यात अशी. गुंतवणूक उपनगरांकडे वळते, जुन्या वस्तीतली डागडुजी थांबते, इमारती खंगत जातात. त्या जमिनीतून आज मिळणारं उत्पन्न आणि तिचा सगळ्यात फायदेशीर वापर केला तर मिळू शकणारं उत्पन्न, यांतली दरी रुंदावत जाते. ती पुरेशी रुंद झाली की बिल्डर, बँका आणि शासन तिथे पोहोचतात. घर घेणाऱ्याला काय आवडतं हा प्रश्न इथे जवळजवळ गौण आहे.

डेव्हिड ले या दुसऱ्या भूगोलतज्ज्ञाला हे पटलं नाही. कॅनडातल्या शहरांचा अभ्यास करताना त्याचं लक्ष गेलं नव्या मध्यमवर्गाकडे. कारखान्यांची जागा कार्यालयांनी आणि सेवाक्षेत्राने घेतली, आणि तिथे काम करणाऱ्या अनेकांना उपनगरातलं एकसुरी जगणं नको होतं. मागणीच बदलली, असं त्याचं म्हणणं.

आता पाहा, स्मिथ हा मार्क्सवादी भूगोलतज्ज्ञ डेव्हिड हार्वीचा विद्यार्थी आणि ले माणसाच्या अनुभवाला महत्त्व देणाऱ्या मानवतावादी भूगोलातला. वरवर ते एकाच प्रकारच्या वस्त्यांबद्दल भांडत होते, पण खरा वाद माणसाच्या निवडीला किती वजन द्यायचं याचा होता. तुमच्या आढाव्यातल्या दोन परिच्छेदांची ही समोरासमोर गाठ आहे. त्यांच्यात तुम्ही कुठे उभे राहता ते ठरवा, चौकटीचा अर्धा भाग तिथेच झाला.

माझ्या मते या वादातली सगळ्यात दुर्लक्षित नोंद डॅमरिस रोझची, १९८४ ची. तिने दाखवलं की अशा वस्तीत राहायला येणारे सगळे सुखवस्तू नसतात. एकटीने मूल वाढवणाऱ्या, बेताच्या पगाराच्या बाईलाही मध्यवर्ती वस्ती हवी असते, कारण नोकरी, पाळणाघर आणि बाजार एकमेकांजवळ असतात. उपनगराची रचनाच घरी कोणीतरी सतत आहे असं धरून केलेली. स्मिथच्या सुरुवातीच्या मांडणीत ही बाई कुठेच दिसत नाही. तुमच्याकडे मुलाखती असतील तर हा धागा सोडू नका.

'नव्यात नवा'बद्दल: तसं काही नसतं. हार्वीने १९६९ मध्ये भूगोलातल्या शास्त्रीय स्पष्टीकरणावर भलंमोठं पुस्तक लिहिलं आणि १९७३ च्या पुस्तकात तो मार्क्सकडे वळलेला दिसतो. म्हणून आधीचं सगळं बाद झालं का? खुद्द स्मिथने दरीची कल्पना मांडताना होमर हॉइट या जमीन-अर्थतज्ज्ञाने १९३३ मध्ये शिकागोच्या जमिनीच्या किमतींत, शहराचा मध्य आणि बाहेरचे भाग यांच्या मधल्या पट्ट्यात, दाखवलेल्या खळग्याचा आधार घेतला होता. भूगोलात जुनं पुसून नवं येत नाही, प्रश्न बदलतात. (अवांतर: शब्दांत न मावणाऱ्या रोजच्या कृतींवर भर देणाऱ्या, नायजेल थ्रिफ्टच्या 'अप्रतिनिधिक' सिद्धांताच्या वाटेला लघुप्रबंधात जाऊ नका. वाचायला मजा येते, पण परीक्षकाला पटवून देताना दमछाक होते.)

आकडे वापरल्याने कोणी 'संख्यात्मक' होत नाही. दरी मोजायला स्मिथलाही आकडेच लागतात. आकड्यांकडून तुम्ही काय कबूल करून घेता, त्यावर ते ठरतं. एक मात्र सांभाळा: स्टॅन ओपनशॉने १९८४ मध्ये सविस्तर मांडलेली क्षेत्रसीमांची अडचण. तीच घरं वेगळ्या हद्दींत मोजली की सरासरीही बदलते आणि सहसंबंधही. एका गणनेपासून दुसऱ्या गणनेपर्यंत प्रभागांच्या हद्दी सरकल्या असतील, तर तुलना करण्याआधी त्या जुळवून घ्या.

कर्कवृत्त

खूप धन्यवाद! स्मिथ घ्यावा असं आता वाटतंय. पण निघून गेलेल्यांना त्या वस्तीबद्दल जी ओढ वाटते, ती मला सोडायची नाही. त्यासाठी यी-फू तुआन घेतला तर? मार्क्सवादी आणि मानवतावादी एका आराखड्यात बसतील का?

वाटाड्या

बसवता येतात, पण शिवण दिसते. तुआन सांगतो की कोऱ्या अवकाशाला अनुभवाने अर्थ येतो आणि ते आपलं 'ठिकाण' होतं. ओढ समजायला हे सुंदर आहे. अडचण अशी की यातून वस्ती 'आमची' होती आणि बाहेरच्यांनी ती घेतली, अशी सरळ गोष्ट तयार होते. त्या वस्तीतही मालक होते, भाडेकरू होते, पोटभाडेकरू होते, कधीतरी नव्याने आलेले लोक होते. सगळ्यांना ती सारखीच आपली वाटत होती का?

त्यापेक्षा भूगोलतज्ज्ञ डोरीन मॅसी घ्या. १९९१ च्या लेखात ती लंडनच्या किलबर्न रस्त्यावरून चालत जाते आणि दाखवते की ठिकाणाला एकच ओळख नसते. दूरदूरच्या संबंधांची तिथे गाठ पडते, त्यातून ठिकाण घडतं. शिवाय तिची 'पॉवर जॉमेट्री' (सत्तेची भूमिती) तुमच्या विषयाला चपखल बसते. सगळेच हलतात, पण आपल्या हलण्यावर कोणाचा ताबा असतो आणि कोणाला नुसतं हलवलं जातं, हा तिचा प्रश्न. बिल्डरचा पैसाही हलतो आणि भाडेकरूही हलतो, फरक तिथेच आहे.

अक्षांश

थोडा विरोध नोंदवतो. मॅसी वाचून विद्यार्थी लिहितात की सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे, आणि मग जबाबदार कोण हे सुटून जातं. कारणासाठी स्मिथ आणि परिणामासाठी मॅसी, अशी वाटणी आराखड्यातच लिहून टाका. दोघांना सगळीकडे कालवू नका.

वाटाड्या

मान्य. मॅसीने स्वतः असं ढोबळ म्हटलेलं नाही, पण तिच्या नावावर खपवलं जातं खरं.

कर्कवृत्त

मग प्रश्न असा केला तर चालेल? 'वस्तीतल्या जमिनीच्या उत्पन्नातली दरी कोणत्या काळात वाढली, आणि ती बुजवली जाताना राहण्या-जाण्यावर कोणाचा ताबा राहिला?' पहिल्या भागाला व्यवहारांच्या नोंदी आणि जीआयएस, दुसऱ्याला मुलाखती. मुलाखतींसाठी वस्तीत अजून राहणाऱ्यांची यादी करतोय.

समोच्चरेषा

प्रश्न चांगला झालाय. यादी मात्र थांबवा. जे टिकून राहिले त्यांनाच विचारलंत तर पांगण्याबद्दल काय कळणार? नियोजनतज्ज्ञ पीटर मार्क्यूजने १९८५ मध्ये न्यूयॉर्कबद्दल लिहिताना विस्थापनाचे प्रकार वेगळे केलेत, ते आधी पाहा. थेट घर सोडावं लागणं हा एक. पूर्वी परवडलं असतं ते घर आता परवडत नाही म्हणून मुळात येताच न येणं हा दुसरा. आणि शेजारी गेले, ओळखीची दुकानं बंद झाली म्हणून आपणही निघावं असा दबाव हा तिसरा. तुमच्या यादीतल्यांकडून फार तर तिसरा प्रकार कळेल. गेलेल्यांचे पत्ते याच लोकांकडून मिळवा. जुन्या मतदारयाद्या ताडून पाहा, शाळेच्या दाखल्यांच्या नोंदी बघायला मिळाल्या तर उत्तमच. दुसऱ्या प्रकारातली माणसं कोणत्याच यादीत सापडणार नाहीत. त्यांना कसं गाठणार, हे आराखड्यात एका परिच्छेदात लिहा. मार्गदर्शक पहिल्यांदा तेच विचारतील.