प्रति: धोका आणि आपत्ती, फरक आहेच

वर म्हटलंय की धोका, जोखीम, आपत्ती हा नुसता शब्दच्छल आहे, पाणी घरात शिरलं की सगळं एकच. शेवटचं वाक्य पटतं, पहिलं नाही. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीला पूर येणं हा धोका. त्या पाण्याच्या वाटेत कोण राहतं आणि तो किती हतबल आहे, त्यावर जोखीम ठरते. इथवर चर्चा झालीच आहे, पण 'क्षमता' हा शब्द कुणीच घेतलेला नाही. 2005 च्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन कायद्यातली 'आपत्ती'ची व्याख्या त्याच्यावरच उभी आहे: हानी मोठी हवी आणि ती त्या भागातल्या लोकांच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची हवी. कारणांमध्ये निष्काळजीपणाही स्पष्ट लिहिलाय, हे फार महत्त्वाचं, कारण पूर म्हणजे फक्त पाऊस असं म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत.

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात समा भागात माझी मावशी तळमजल्यावर होती. वरच्या मजल्यावरच्या काकांचं नुकसान म्हणजे वीज नाही, दूध नाही, एवढंच. मावशीचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आणि फ्रिज पाण्यात आडवा. काकांनी आदल्या संध्याकाळीच माठात पाणी भरून ठेवलं होतं. त्याच माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी उरलेल्या दोन कुप्या गार ठेवल्या. पाणी एकच, जिना एकच. बारा पायऱ्यांचा फरक.