शाळेच्या खात्यात थेट आलेलं अनुदान: तुमचे अनुभव लिहा

रानजाई: कपाट आवरताना आईची खर्चाची वही सापडली. ती जि.प.च्या दोनशिक्षकी शाळेत होती. सर्व शिक्षा अभियानात शिक्षकामागे वर्षाला ५०० रुपये शैक्षणिक साहित्याला यायचे. वहीत ‘मणी, सुतळी, कार्डशीट’, शेजारी टाचणीने लावलेली पावती. तेवढ्यात ती पहिलीला शतक शिकवायची. ज्यांच्या हातून असा पैसा खर्च झालाय त्यांनी लिहा ना.

खडूफळा: आमचा पट १९, म्हणजे एवढीच मुलं. सर्व शिक्षा अभियानाच्या जागी आलेल्या समग्र शिक्षात ३० पर्यंत पट असला की संयुक्त शाळा अनुदान १०,०००. किमान १० टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात लाईटबिल, खडू, दुरुस्ती. पैसे जमा होतात मार्चमध्ये, शाळा सुरू होते जूनमध्ये. तोवर खिशातून. रक्कम कमी आहेच, पण वेळेवर आली तरी निम्मा त्रास वाचेल.

मोगरा_७: मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. बँकेत साहेबांनी विचारलं, मालक कुठायत? हेडसर म्हणाले, अध्यक्ष ह्याच, सही ह्यांचीच. पहिलं काम मुलींच्या संडासाला दार. सुतार लाकडी म्हणत होता, मी पत्र्याचंच लावून घेतलं. लाकूड खालून कुजतं.

खडूफळा: शाब्बास ताई!! आमच्याकडे अजून कडी नाही.

दर्यावर्दी: कामानिमित्त युगांडात होतो. तिथे १९९१ ते ९५ मध्ये सरकारने दिलेल्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचत होते. मग सरकारने रकमा वर्तमानपत्रात छापल्या, शाळांनाही दर्शनी भागात लावायला लावल्या. त्यानंतर बराच जास्त पैसा पोचू लागला. आपल्याकडेही दारातल्या फळ्यावर लिहावं, आले किती, कधी, गेले कशावर.

आजोळ: गणवेशाचं कोणीच लिहिलं नाही? दोन जोडांचे ६०० रुपये समितीकडे यायचे तेव्हा गल्लीतल्या काकू प्रत्येकाचं माप घेऊन शिवायच्या. २०२४ ला गणवेशच सरकारकडून आले ते उशिरा, आणि नातवाच्या बाह्या कोपराखाली. ते काम पुन्हा समितीकडे दिलं, फार बरं झालं.

मोगरा_७: अगदी. गावातला पैसा गावातच राहतो. पोरगं वाढलं की काकू दुमड सोडून देतात.

रानजाई: @आजोळ त्या काकू परकर-पोलकं शिवतात का हो? भाचीला हवंय.

आजोळ: शिवतात की. पण गौरी-गणपतीच्या आत सांगा, नंतर हाताला लागत नाहीत.