संक्रांत तुमच्याकडची: भोगीपासून रथसप्तमीपर्यंत (अनुभव धागा)

मंडईत पावटा, हरभऱ्याचे घाटे, बोरं आणि उसाची कांडकी एकाच टोपलीत दिसायला लागली की संक्रांत आली. भोगीची मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, गुळाची पोळी हे बहुतेक घरांत असतंच, आणि पाककृतींचे धागेही पुष्कळ झालेत. इथे मला दुसरं वाचायचंय. तुमच्याकडे हा सण कुणाच्या हातांवर उभा राहतो? वाण कुणाकुणाला दिलं जातं? कुणाला बोलवायचं राहून जातं? भोगी, किंक्रांत, बोरन्हाण, रथसप्तमी, काहीही चालेल. पानभर लिहा नाहीतर दोन ओळी. सुरुवात मीच करते.

वाई (धागाकर्ती)

आमच्याकडे काटेरी हलवा घरी होतो. सासूबाई करायच्या, आता मी करते. शेगडीत निखारे मंद, त्यावर पितळी परात, परातीत निवडलेले तीळ. बाजूला पाक. त्यातला चमचाभर तिळांवर टाकायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. तो सुकला की दुसरा चमचा. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, तीळ नुसते पांढुरके होतात. दोन-तीन दिवसांनी एकेका दाण्यावर बारीक टोकं उभी राहायला लागतात आणि मग हात थांबवावासा वाटत नाही. बोटांची टोकं भाजून लाल होतात. हवा कोरडी आणि थंड हवी. आभाळ आलं की काटा रुसतो, मग कितीही पाक घाला.

जावेच्या मुलाचं लग्न झालं त्या वर्षी सगळे दागिने घरच्या हलव्याचे केले: तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, बिंदी, मुलाला हार आणि नारळ. काळ्या चंद्रकळेवर ते पांढरेशुभ्र दागिने घालून सून बसली तेव्हा सासूबाई खुर्चीत बसून एकेक पदर तपासत होत्या. पुढच्या संक्रांतीला त्या नव्हत्या. आज माझी बोटं परातीत ज्या लयीत फिरतात ती त्यांची आहे.

सातारा जिल्हा

आम्ही कुंभार. सुगडांना आमच्या भागात खण म्हणतात. दिवाळीच्या पणत्या उरकल्या की खणांची माती मळायला घेतो. थंडीत ऊन कोवळं, माल वाळायला वेळ लागतो, आणि आत ओल राहिलेला खण भट्टीत हमखास तडकतो. म्हणून आमची संक्रांत मार्गशीर्षातच सुरू झालेली असते. भट्टीत धूर कोंडला तर खण काळा निघतो, हवा मोकळी राहिली तर लाल. जुनी गिऱ्हाइकं कडेवर टिचकी मारून बघतात, खणखणीत वाजला की उचलतात.

माझ्या सासूच्या काळात खण पैशाने विकत नसत. डोक्यावर पाटी घेऊन घरोघर पोचवायचे, मग घरधनीण सुपातून ज्वारी घालायची आणि त्याच पाटीत तिळगूळही यायचा. आता आम्ही बाजारात बसतो. शेजारच्या गाडीवर रंगवलेले, टिकल्या डकवलेले खण असतात, तिकडे गर्दी जास्त. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ज्या खणात गहू, हरभरा, ऊस, बोर, गाजर भरून बायका देवापुढे ठेवतात, तो आमच्या चाकावरचा आहे, ही गोष्ट माझ्या मुलींना मी मुद्दाम सांगते. एक विनंती आहे. पूजा झाली की खण नदीत सोडू नका. मीठ ठेवा, विरजण लावा, नाहीतर रोप लावा.

सोलापूर

आमच्याकडे संक्रांत म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, आम्ही गड्डा म्हणतो. आधी 68 लिंगांना तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, संक्रांतीला होम, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम. सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले संत. कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं अशी कथा आहे. तो विवाह दरवर्षी होतो. मानाचे सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले तरुण तो उंच, जड ध्वज तोलत गल्लीबोळांतून चालतात. माझा भाऊ त्यांत असतो. त्याचा सराव आधी कितीतरी रात्री चालतो आणि कंबरेला पट्ट्याचे वळ उठतात.

‘सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम’ म्हटलं की हजारो हातांतून अक्षता उडतात. त्या गर्दीत कानडी, मराठी, तेलुगू सगळं ऐकू येतं. संक्रांतीच्या संध्याकाळी होमात बाजरीच्या पेंडीला शालू नेसवून, मणी-मंगळसूत्र घालून कुंभारकन्या म्हणून अग्नी देतात. लहान असताना आईचा पदर धरून मी ते पाहत असे आणि मला रडू यायचं. साताऱ्याच्या ताईंचं वाचून वाटलं, आमच्या शहराचा सगळ्यात मोठा सण कुंभाराच्या लेकीचाच आहे.

लातूर, निवृत्त भूगोल शिक्षक

सणाच्या अर्थाबद्दल थोडं. सूर्य उत्तरेकडे सरकायला लागतो तो 21-22 डिसेंबरला. मकर राशीतला प्रवेश आता 14 किंवा 15 जानेवारीला होतो. सुमारे 1,700 वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी घडत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, एका फेरीला सुमारे 26,000 वर्षं लागतात, आणि त्यामुळे संक्रांत साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. 2024 मध्ये आपण ती 15 तारखेला केली.

हे फळ्यावर सांगून मुलांना पटत नसे. म्हणून डिसेंबरपासून मुलांना शाळेच्या कट्ट्यावर ठरावीक जागी उभं करून सूर्य कुठून उगवतो ते भिंतीवर खडूने टिपायला लावायचो. सुरुवातीला खुणा एकमेकींना चिकटून पडत. संक्रांत उलटून गेली की खूण उत्तरेकडे सरकलेली स्पष्ट दिसायची आणि मुलं ओरडायची, ‘सर, हलला!’

मेलबर्न

सरांचं वाचून लिहावंसं वाटलं. इथे संक्रांत ऐन उन्हाळ्यात. पारा कधी चाळिशीला टेकतो आणि सूर्य उत्तरेकडे निघाला की आमचा दिवस लहान होत जातो. काळी साडी, तीळ, गूळ, सगळं थंडीसाठी, तरी आम्ही सगळं करतो. मुलीचं बोरन्हाण केलं तेव्हा बोरं मिळाली नाहीत, हंगामात चेरी असतात म्हणून चुरमुरे, बत्तासे, हलव्याबरोबर त्याच डोक्यावरून ओतल्या. हलव्याचा मुकुट पुण्याहून आईने डब्यात कापूस घालून पाठवला होता. शेजारचं ग्रीक कुटुंब आलं होतं. आजोबांनी तीळ ओळखले, त्यांच्याकडेही तीळ-मधाची वडी असते. त्यांनी पुढच्या वर्षी ती आमच्यासाठी करून आणली. आता ती आमच्या तिळगुळाच्या ताटात असते.

नाशिक

धाग्यात विचारलंय म्हणून लिहिते. यजमान गेले आणि हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. कुणी वाईट वागलं नाही. फक्त बोलावलं नाही. जिन्यावरून बायकांचे आवाज यायचे, अत्तराचा वास यायचा, मी टीव्ही मोठा करायचे. ज्या मैत्रिणींबरोबर वर्षानुवर्षं वाणाची खरेदी केली, त्यांनाही माझ्या दारावरून जाताना अवघड होत असणार.

मग मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केल्याची बातमी वाचली. एक गाव करू शकतं तर मी एक दार का उघडू नये, असं वाटलं. पुढच्या संक्रांतीला मीच हळदीकुंकू ठेवलं. इमारतीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं, कामवाल्या ताई आणि त्यांच्या विधवा सासूबाईंनाही. त्या सासूबाई दारातच थांबल्या, ‘मला चालंल का?’ म्हणाल्या. मी त्यांना कुंकू लावलं आणि त्यांनी मला. माझ्या हाताला कंप सुटला होता. काही जणी आल्या नाहीत. आल्या त्यांना मेथी-पालकाच्या बियांच्या पुड्या वाण म्हणून दिल्या.

येवला

आमच्याकडे भोगी, संक्रांत, कर (म्हणजे किंक्रांत) असे तिन्ही दिवस पतंग. गच्च्या भरलेल्या, हलकडी वाद्याचा ताल. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली तरी तो अजून विकला जातो. कर उलटली की आम्ही मित्र शिड्या घेऊन झाडांवरचा मांजा काढतो. मागच्या वेळी चिंचेवर घुबड अडकलं होतं, पंख सोडवायला बराच वेळ लागला, पण उडालं. साधा सुती दोरा वापरा हो!

रत्नागिरी

रथसप्तमीला तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून त्यावर संक्रांतीचंच राखून ठेवलेलं सुगड ठेवतो, पाटावर रक्तचंदनाने सूर्य आणि सात घोडे काढतो. दूध उतू जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. नाशिकच्या ताई, यंदा आमच्याकडच्या शेवटच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावणं आहे. आईशी बोलले, ती हो म्हणाली. वाईच्या ताई, एक विचारायचंय. हलव्याचा पाक किती तारी ठेवता? माझे तीळ एकमेकांना चिकटून गोळे होतात.

वाई (धागाकर्ती)

एकतारी, त्याहून दाट नको, आणि तो गार झाल्यावरच वापरा. उकळताना दोन चमचे दूध घालून वर येणारी मळी काढली की हलवा पांढरा होतो. गॅसवर करत असाल तर परातीखाली जाड तवा ठेवा. आधीचा चमचा पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा टाकू नका, गोळे त्यानेच होतात. झालेले गोळे बोटांनी हलकेच सोडवून पुन्हा परातीत टाका, वाया जात नाहीत.