अनुभव धागा : वागळे तुम्हाला कोणत्या वयात भेटले?

दूरदर्शनवर १९८८ साली 'वागले की दुनिया' सुरू झाली आणि श्रीनिवास वागळे नावाचा एक मध्यमवयीन कारकून आपल्या सर्वांच्या घरी येऊ लागला. मूळ व्यक्तिरेखा आर. के. लक्ष्मण यांची, निर्मिती दुर्गाबाई खोटे यांच्या संस्थेची आणि दिग्दर्शन कुंदन शहा यांचे होते. अंजन श्रीवास्तव यांनी वागळे साकारला आणि भारती आचरेकर यांनी त्याची पत्नी राधिका. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनी सबवर त्याच घराची पुढची गोष्ट सुरू झाली. तिच्यात संसाराचा गाडा मुलगा राजेश ओढतो (ती भूमिका सुमीत राघवन यांची), त्याची पत्नी वंदना आहे, सखी आणि अथर्व ही मुले आहेत आणि आजी-आजोबा म्हणून पुन्हा तेच श्रीनिवास आणि राधिका, त्याच दोन कलावंतांच्या रूपात, आहेत.

लक्ष्मण यांचा व्यंगचित्रातला सामान्य माणूस १९५१ पासून अर्ध्या शतकाहून अधिक काळ चौकटीचा कोट घालून एकाच वयाचा राहिला आणि त्याने कधी तोंड उघडले नाही. दिवसभर गप्प राहणारा असा माणूस घरी गेल्यावर बायकोशी काय बोलत असेल, याचे उत्तर मला वागळेमध्ये सापडले. शिवाय वागळेचे वय वाढू दिले गेले, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. म्हणून हा धागा काढत आहे. वागळे तुम्हाला प्रथम भेटला तेव्हा तुम्ही कोण होता आणि दुसऱ्यांदा भेटला तेव्हा कोण झाला होता, एवढेच लिहावे. मालिकेची कथा सांगण्याची आवश्यकता नाही.

गिरगावच्या चाळीत वाढलेले, आता बोरिवलीत राहणारे एक वाचक

मी तेव्हा पाचवीत होतो. आमच्या मजल्यावर दूरचित्रवाणी संच एकाच घरी होता आणि त्या घरच्या काकू मनाने मोठ्या असल्यामुळे मालिकेच्या वेळी त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडत असे. आम्ही मुले पुढे जमिनीवर, बायका मागे आणि पुरुष जिथे जागा मिळेल तिथे, अशी बसण्याची ठरलेली पद्धत होती. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते मात्र कधीही बसले नाहीत. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून ते संपूर्ण भाग उभ्याने पाहत आणि संपताक्षणी सर्वांच्या आधी निघून जात. ते एका खासगी कंपनीत आवक-जावक कारकून होते. वागळे साहेबासमोर अडखळला की खोली हसे आणि अण्णाही हसत, परंतु ते किंचित उशिरा हसत, हे माझ्या लक्षात राहिले आहे.

अण्णा २००९ साली गेले. त्यांच्या पेटीत जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. दूध, वाणी, लाइटबिल, माझी फी अशा नोंदींच्या मध्ये १९८९ च्या वहीत दर आठवड्याला एक ओळ होती : 'वागळे – बिस्किटे', आणि तिच्यापुढे किरकोळ आकडा. मी आईला विचारले. फुकट पाहणे बरे दिसत नाही, म्हणून अण्णा दर आठवड्याला काकूंच्या मुलांसाठी बिस्किटांचा एक पुडा नेत आणि तो कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून दाराजवळच्या फळीवर ठेवून देत, असे तिने सांगितले. दाराशी उभे राहण्याचे कारण मला तेव्हा कळले. आमच्या घरी स्वतःचा संच हप्त्यांवर आला तोवर जुनी मालिका संपून गेली होती.

नवी मालिका लागली तेव्हा मी राजेशच्या वयाचा होतो. मुलीच्या शिकवणीचे शुल्क, घराचा हप्ता, सोसायटीच्या सभेतली भांडणे, सगळे ओळखीचे होते. आईही माझ्यासोबत पाहत असे. मी मागवलेल्या वस्तूंची किंमत तिला नेहमी अर्धीच सांगतो आणि तिला ते ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक आहे. एकदा मालिका सुरू असताना ती पडद्याकडे पाहतच म्हणाली, "तुझे अण्णा मला भाजीचा भाव खरा सांगायचे, पण स्वतःच्या चपलेचा कधीच नाही."

मडगावहून एक वाचक

माझे माहेरचे आडनाव वागळे. गोव्यात आणि कारवारकडे ते सारस्वतांचे नेहमीचे आडनाव आहे आणि त्यात 'ळ' आहे. हिंदीत तो 'ल' झाला आणि आमच्या शाळेत दिल्लीहून बदली होऊन आलेल्या एका शिक्षिकेने मालिकेमुळे मला 'वागले' म्हणायला सुरुवात केली. वर्गाने ते उचलले. मी चिडून बाबांना सांगितले तेव्हा बाबांनी मालिका पाहायला बसवले आणि म्हणाले की एका अक्षरासाठी भांडण्याइतका वागळे माणूस मोठा नसतो. मला ते पटले नव्हते. आजही पटत नाही, आणि शीर्षक उच्चारताना माझी जीभ 'ळ'वरच जाते.

ठाण्याहून, हौशी रंगभूमीवर तीस वर्षे काम केलेले एक वाचक

मला नटाच्या बाजूने लिहायचे आहे. दैनंदिन मालिकांमध्ये 'लीप' नावाचा एक प्रकार असतो. एका सोमवारी कथा वीस वर्षे पुढे जाते, मुले एकदम कर्ती होतात आणि आईच्या कानशिलावर दोन पांढऱ्या रेघा ओढल्या की काम झाले असे समजले जाते. पुष्कळदा आई मुलापेक्षा तरुण दिसते आणि प्रेक्षक ते निमूटपणे मान्य करतात.

वागळेच्या बाबतीत लीप खरोखर घडली. अंजन श्रीवास्तव यांचा जन्म १९४८ चा, म्हणजे पहिल्या मालिकेच्या वेळी ते चाळिशीचे होते आणि दुसरी सुरू झाली तेव्हा सत्तरी ओलांडलेले. मधली तेहतीस वर्षे रंगपेटीतून आलेली नाहीत. बसताना गुडघ्यावर हात ठेवण्याची गरज, वाक्याच्या शेवटी श्वास थोडा कमी पडणे, ऐकू आले तरी क्षणभर थांबून उत्तर देणे, या गोष्टी आम्ही तालमीत महिनोन्महिने घोटतो आणि तरीही त्या उसन्या दिसतात. इथे त्या आपसूक आहेत. श्रीवास्तव कलकत्त्यात वाढले, मुंबईत इप्टा या नाट्यसंस्थेच्या नाटकांत काम करत राहिले आणि बरीच वर्षे त्यांनी बँकेत नोकरीही केली. कारकुनाचे टेबल त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.

भारतीताईंबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही, याचे मला वाईट वाटते. माणिक वर्मांची ही कन्या सुरांच्या घरातली असल्यामुळे असेल कदाचित, पण त्यांचा विनोद शब्दापेक्षा सुरावर चालतो. नवरा काही बढाई मारू लागला की राधिका जो एक "हं" म्हणते, त्याला चढ नाही आणि उतारही नाही. तो सपाट "हं" जसाच्या तसा राहिला आहे. तरुण राधिकेच्या तोंडी त्याचा अर्थ "पाहू या" असा वाटायचा आणि आता "पाहिले आहे" असा वाटतो.

नाशिकहून, वय वर्षे एकतीस

थोडा विरोधी सूर लावते. मी जुनी मालिका नंतर मोबाइलवर पाहिली आणि नवी आधी, त्यामुळे माझ्यासाठी वागळे प्रथम आजोबा होते आणि नंतर तरुण झाले. या उलट्या क्रमाचा फायदा असा की मला गतकातरता नाही. जुन्या मालिकेत वागळेची फजिती होते आणि भाग संपतो. त्यातून काय शिकायचे, हे कोणी सांगत बसत नाही. नव्या मालिकेत शेवटची काही मिनिटे बहुधा कोणीतरी कोणाला तरी समजावत असते आणि मागे संगीत वाजते. आठवड्यातून एकदा येणारी गोष्ट आणि जवळजवळ रोज येणारी गोष्ट यांत हा फरक पडणारच, कारण रोज चार वर्षांहून अधिक काळ स्वयंपाक करायचा म्हटले की डाळीत पाणी वाढते. तरीही माझी आजी आणि मी जेवताना एकत्र पाहू शकलो अशी दुसरी मालिका मला आठवत नाही, आणि समजावण्याचा प्रसंग आला की आजीच "आता ताट उचल" म्हणत असे.

सोलापूरहून एक वाचक

सर्वजण शाहरुख खानचा भाग आठवतो म्हणतात, ज्यात तो वागळेला गाडीची धडक देतो. आमच्या घरी तो भाग पाहिला गेला तेव्हा तो कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते. माझ्या आजोबांनी त्याला उद्देशून ज्या शिव्या दिल्या होत्या, त्या आमच्या घरात अजून सांगितल्या जातात.

पुण्याहून एक वाचक

माझे वडील जिल्हा परिषदेच्या कार्यालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. गेली सहा वर्षे त्यांना विस्मरणाचा आजार आहे. त्यांच्या आठवणी अलीकडून पलीकडे पुसल्या जात आहेत, म्हणजे नातवाचे नाव प्रथम गेले, मग निवृत्ती गेली, आणि आता ते बहुतेक दिवस १९९० च्या आसपास कुठेतरी असतात. सकाळी ते डबा मागतात. मी रिकामा डबा पिशवीत घालून देते, ते पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसतात आणि दुपारी आम्ही तोच डबा भरून त्यांना वाढतो.

सायंकाळी आवाज असावा म्हणून मी नवी मालिका लावून ठेवत असे. बाबा सहसा पडद्याकडे लक्ष देत नसत. एके दिवशी श्रीनिवास वागळे एकटेच आरामात बसलेले असे दृश्य होते आणि बाबा अचानक पुढे सरकले. त्यांनी माणूस ओळखला होता. बायकोचे नाव ज्यांना आठवायला वेळ लागतो, त्यांनी "वागळे" हे नाव न अडखळता घेतले. मला इतका आनंद झाला की मी आईला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावले.

परंतु बाबांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, काळजी होती. त्यांच्या हिशेबी हा माणूस गेल्याच आठवड्यात काळ्या केसांनी कचेरीत जात होता. "काय झालं याला? आजारी आहे का?" असे त्यांनी दोनदा विचारले. वय झाले आहे, असे मी म्हणाले, तर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी काहीतरी खोटे सांगते आहे. आई हात पुसत येऊन त्यांच्याजवळ बसली. तिने काही समजावले नाही. ती म्हणाली, "हो, जरा थकलेत."

बाबा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली आणि सहकाऱ्याला सांगावे तशा आवाजात म्हणाले, "वागळे, अर्धा दिवस रजा टाका. तुमच्या फायली मी पाहतो."